'आलेच'चं इंग्रजी 'आय केम' नाही : 'लवकरच होईल' सांगताना या चुका टाळा

ऑनलाइन मुलाखत चालू होती. परभणीतल्या माझ्या क्लासच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्यासमोर जिंतूर तालुक्यातली एक मुलगी, आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं मी भिंतीला टेकून बसलेली. पहिली पंधरा मिनिटं तिनं फार छान उत्तरं दिली. मग पलीकडच्या साहेबांनी शेवटच्या सेमिस्टरची मार्कशीट दाखवायला सांगितली. ती बाहेरच्या खोलीत बॅगेत होती. मुलगी उठली आणि जाता जाता म्हणाली, 'वन मिनिट सर, आय केम.'

साहेबांना कळेना. 'यू केम? फ्रॉम वेअर?' त्यांनी सरळपणानं विचारलं. ती मार्कशीट घेऊन परत आली, पण तेवढ्या एका प्रश्नानं तिचा धीर सुटला होता. त्यानंतर तिच्या तोंडून 'येस सर' आणि 'नो सर' यापलीकडे काही निघालं नाही.

तिच्या डोक्यात 'आलेच सर' होतं, आणि मराठीत ते शंभर टक्के बरोबर आहे. स्पोकन इंग्लिश शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं झालंय. आपली पोरं अवघड शब्दांवर फारशी अडखळत नाहीत. ते पाठ करून येतात. ती अडखळतात 'आत्ता होईल', 'लवकरच करतो', 'शुक्रवारपर्यंत देतो' असल्या रोजच्या बोलण्यात. जवळ आलेली गोष्ट सांगायची मराठीची रीत वेगळी आणि इंग्रजीची वेगळी, आणि हा फरक शाळेत कुणी समजावून सांगत नाही.

अजून व्हायचंय, तरी झाल्यासारखं बोलणं

अगदी जवळ आलेली गोष्ट आपण मराठीत झाल्यासारखीच सांगतो. 'आलोच', 'निघालोच', 'झालंच बघा', 'हा आणला चहा'. परतीच्या पावसाच्या दिवसांत सोयाबीनचा ढीग खळ्यावर पडलेला असतो, वावटळ सुटते, आभाळ काळं होतं, एक थेंबही पडलेला नसतो, आणि आरोळी येते, 'आला आला, पाऊस आला, ताडपत्री टाका!' रूप भूतकाळाचं, अर्थ येत्या मिनिटाचा. दखनीतही असंच आहे. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, पुढं घरात सगळा कारभार मराठीत झाला, पण त्यांना कुणी हाक मारली की तोंडून 'आया, आया' असंच निघायचं, शेवटपर्यंत.

इंग्रजीत ही सोय नाही. 'आय केम' म्हटलं की येणं होऊन गेलं. म्हणून 'आलोच'साठी एकच इंग्रजी शब्द शोधू नका. आधी बघा की आपण कोणत्या वेळी 'आलोच' म्हणतोय. कुणी हाक मारली आणि तुम्ही उठलात, तर नुसतं 'कमिंग!' पुरे. समोरच्याला बसवून जरा बाजूला जायचंय आणि परत यायचंय, त्या मुलीसारखं, तर 'आय विल बी राइट बॅक.' कुणाच्या तरी मदतीला दोन मिनिटांत जायचंय, तर 'आय विल बी राइट देअर.' दुकानात किंवा ऑफिसात गिऱ्हाइकाला थांबवायचंय, तर 'आय विल बी विथ यू इन अ मिनिट.' रस्त्यात असाल तर 'आय ॲम ऑन माय वे.' आणि अजून घरीच असाल, पायात चप्पल घालत असाल, तर 'आय ॲम जस्ट लीव्हिंग.'

यातल्या शेवटच्या दोन वाक्यांची गल्लत करू नका. आपल्याकडे 'निघालोय' म्हणणारा माणूस नेमका कुठं असेल, याचा अंदाज ऐकणारा आपल्या अनुभवानं बांधून घेतो. परगावच्या किंवा परदेशातल्या माणसाकडे तो अनुभव नसतो. त्यानं 'ऑन माय वे' ऐकलं की त्याच्या हिशोबात तुमची गाडी गावाबाहेर पडलेली असते आणि तो तिथून वेळ मोजायला लागतो.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती सांगताना पोरांचे चेहरे खुलतात. परभणी, नांदेड, लातूरकडे आपण 'मी यायलो', 'मी निघायलो', 'काय करायलास?' असं बोलतो. या बोलीपायी पुण्यात टोमणे खाल्लेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगते, तुमचं 'यायलो' म्हणजे तंतोतंत 'आय ॲम कमिंग' आहे आणि 'निघायलो' म्हणजे 'आय ॲम लीव्हिंग'. चालू असलेली क्रिया दाखवणारं रूप तुमच्या बोलीत तयारच आहे. इंग्रजी बोलायच्या आधी मनात 'आलोच' येऊ देऊ नका, 'यायलो' येऊ द्या. अर्धी चूक तिथंच सुधारते.

राहिला 'च'. 'आत्ताच येतो'चं 'आय ॲम कमिंग नाऊ ओन्ली' होतं, 'उद्याच देतो'चं 'टुमारो ओन्ली' होतं. भारतात हे समजतं. बाहेरच्या माणसाला 'ओन्ली'चा अर्थ 'फक्त' एवढाच माहीत असतो, त्यामुळे 'टुमारो ओन्ली' ऐकून त्याला वाटतं, उद्याच मिळेल, परवा मागितलं तर मिळणार नाही. वेळेला जोर द्यायचा असेल तर 'राइट नाऊ', 'राइट अवे', 'टुमारो, फॉर शुअर' म्हणा. आणि 'आत्ताच आलो' म्हणजे येऊन झालंय, तिथं 'आय हॅव जस्ट गॉट हिअर'.

'येईलच'मधला 'च' मात्र वेगळा आहे. त्यात भरवसा असतो, पण नेमकी वेळ माहीत नसते. मे महिन्यात गल्लीच्या तोंडाशी घागरी, ड्रम, कॅन ओळीनं लावून बाया उभ्या असतात आणि कुणीतरी म्हणतं, 'टँकर येईलच आता.' २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशी वाट पाहणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. या 'येईलच'साठी इंग्रजीत नेमका शब्दप्रयोग आहे : 'एनी मिनिट नाऊ'. 'द टँकर शुड बी हिअर एनी मिनिट नाऊ.' वाट दिवसांची असेल तर 'एनी डे नाऊ'. बोर्डाचा निकाल आज लागेल की उद्या ते ठाऊक नाही, पण लागणार हे नक्की : 'द रिझल्ट शुड बी आउट एनी डे नाऊ.' यात 'एनी' आहे म्हणून 'केव्हाही, कधीतरी' असा सैल अर्थ घेऊ नका. वाट संपत आलीये, असाच त्याचा सूर असतो.

'लवकर'

'लवकर ये' या दोन शब्दांत मराठीत तीन वेगळे निरोप असू शकतात. सासरी निघालेल्या मुलीला आई म्हणते, तेव्हा अर्थ 'थोड्याच दिवसांत परत ये' : 'कम बॅक सून.' लग्नाच्या आदल्या दिवशी मावशीला सांगतो, तेव्हा अर्थ 'सगळ्यांच्या आधी, सकाळीच ये' : 'कम अर्ली.' आणि विहिरीजवळून कुणी ओरडतं, तेव्हा 'धावत ये' : 'कम क्विकली' किंवा 'हरी अप'.

'सून' आजपासून किंवा आत्तापासून मोजतात. 'अर्ली' ठरलेल्या किंवा नेहमीच्या वेळेच्या मानानं मोजतात. 'क्विकली' म्हणजे हालचालीचा वेग. हे एकदा डोक्यात बसलं की 'आय वोक अप सून टुडे' असं वाक्य तोंडातून निघणार नाही. तिथं 'अर्ली' हवं. 'टुडे आय लेफ्ट ऑफिस सून' हेही चूक, 'अर्ली' हवं. आणि 'फास्टली' असा शब्द वापरू नका. 'फास्ट' आहे तसाच चालतो.

मॅनेजरला 'आय विल कम सून टुमारो' असा मेसेज गेला, तर तो बुचकळ्यात पडतो. उद्या म्हणजे कधी ते ठरलंय, मग 'सून' कशाला? तुम्हाला म्हणायचं असतं की उद्या नेहमीपेक्षा लवकर येईन.

'पर्यंत' : मला महागात पडलेला शब्द

क्लास सुरू करायच्या आधी मी वाळूज एमआयडीसीत एका छोट्या कारखान्याच्या डिस्पॅच विभागात कामाला होते. आमच्याकडे बाहेरून प्लेटिंग होऊन येणारा माल होता आणि तो पुढं पुण्याच्या एका गिऱ्हाइकाकडे जायचा. त्यांनी ईमेलवर विचारलं, माल कधी तयार? मी लिहिलं, 'द मटेरियल विल बी विथ अस टिल थर्सडे.' मला म्हणायचं होतं, गुरुवारपर्यंत माल आमच्याकडे येईल.

त्यांनी वाचलं ते असं : माल गुरुवारपर्यंत आमच्याकडे असेल, नंतर नसेल. म्हणजे गुरुवारच्या आत उचलला पाहिजे. त्यांनी बुधवारी सकाळीच टेम्पो पाठवला. ड्रायव्हर रात्री निघून अडीचशे किलोमीटर आला होता. माल आमच्या दारात अजून पोचलाच नव्हता. तो माणूस गेटवरच्या लिंबाखाली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला. टेम्पोच्या खोळंब्याचे पैसे कंपनीला भरावे लागले, आणि मला साहेबांनी बोलावून ती ईमेल मोठ्यानं वाचायला लावली. वाचूनही मला चूक दिसेना. सगळे शब्द तर बरोबर होते! संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या काकांनी पेन्सिलनं 'टिल'वर काट मारली आणि वर 'बाय' लिहिलं. एवढंच.

मराठीतला 'पर्यंत' दोन कामं करतो, इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. एखादं काम त्या वेळेला किंवा त्याआधी एकदा होऊन जायचं असेल तर 'बाय'. एखादी स्थिती त्या वेळेपर्यंत सतत चालू राहायची असेल तर 'टिल' किंवा 'अंटिल'. मी पोरांना एक सोपी कसोटी देते. वाक्यातला 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा', इथं 'शुक्रवारच्या आत फॉर्म भरा' चालतं, म्हणून 'सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे.' 'शुक्रवारपर्यंत सुट्टी आहे', इथं 'शुक्रवारच्या आत सुट्टी आहे' असं कुणी म्हणणार नाही, म्हणून 'वी हॅव अ हॉलिडे टिल फ्रायडे.' 'पाच वाजेपर्यंत थांब' म्हणजे 'वेट टिल फाइव्ह', 'पाच वाजेपर्यंत पोच' म्हणजे 'गेट हिअर बाय फाइव्ह'.

नकारात ही कसोटी थोडी वाकते. 'ही वोन्ट कम टिल फ्रायडे' म्हणजे न येणं शुक्रवारपर्यंत चालू राहणार, शुक्रवारी येणार. त्यामुळे 'शुक्रवारपर्यंत होणार नाही' असं सांगायचं तर आधी स्वतःला विचारा : शुक्रवारी होणार आहे का? होणार असेल तर 'इट वोन्ट बी रेडी टिल फ्रायडे.' शुक्रवारची मुदत हुकणार असेल तर 'इट वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे.' दोन अक्षरी दोन शब्द, पण पहिल्यात दिलासा आहे आणि दुसऱ्यात वाईट बातमी.

आणखी एक. 'बाय फ्रायडे'त शुक्रवार धरलेला असतो, तरी शुक्रवारी सकाळी की संध्याकाळी यावर वाद होतात. 'बाय फ्रायडे इव्हनिंग' किंवा 'बाय फाइव्ह ऑन फ्रायडे' लिहायला एक सेकंद जास्त लागतो, तो द्या. अमेरिकेतल्या माणसाला 'बाय एंड ऑफ डे' लिहिणार असाल तर कुणाचा दिवस तेही लिहा. आपला दिवस मावळतो तेव्हा त्यांचा उगवत असतो.

'दोन दिवसांनी' म्हणजे 'आफ्टर टू डेज'?

ही चूक इतकी पसरली आहे की चूक वाटतच नाही. 'आय विल कॉल यू आफ्टर टेन मिनिट्स.' व्याकरण अडत नाही, पण इंग्रजी कानाला यातून 'दहा मिनिटं उलटून गेल्यावर पुढं कधीतरी' असं ऐकू येतं. आत्तापासून मोजून दहा मिनिटांनी म्हणायचं असेल तर 'इन टेन मिनिट्स'. 'दोन दिवसांनी येतो' म्हणजे 'आय विल कम इन टू डेज.'

'आफ्टर' कधी? गोष्ट सांगताना, होऊन गेलेल्या काळात : 'आफ्टर टू डेज, द फीव्हर वेंट डाउन.' किंवा दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मोजताना : 'टू डेज आफ्टर द वेडिंग.'

आणि 'विदिन टेन मिनिट्स' म्हणजे दहा मिनिटं संपायच्या आत, दुसऱ्या मिनिटालाही चालेल, नवव्यालाही. आपलं 'दहा मिनिटांत' याच्या जवळ जातं. वचन द्यायचं असेल तर 'विदिन', अंदाज द्यायचा असेल तर 'इन'.

'थोड्या वेळानं' म्हणजे 'इन अ व्हाइल' किंवा 'इन अ बिट'. 'फॉर अ व्हाइल' म्हणजे 'थोडा वेळ', आणि 'वन्स इन अ व्हाइल' म्हणजे 'अधूनमधून'. एका विद्यार्थ्यानं गिऱ्हाइकाला 'आय विल कॉल यू वन्स इन अ व्हाइल' असं लिहिलं होतं. त्याला त्याच दुपारी फोन करायचा होता. गिऱ्हाइकानं समजून घेतलं की हा माणूस मधून मधून फोन करत राहणार.

आभाळाकडे बघून काळ ठरवणं

'विल', 'गोइंग टू' आणि 'अबाउट टू' यांत फरक काय, हा प्रश्न दर बॅचला येतो. मी आभाळाकडे बोट दाखवते.

मृग निघून आठ दिवस झालेत, पेरणी खोळंबलीय, पारावर बसून कुणी म्हणतो, 'पडंल, औंदा चांगला पडंल.' आभाळात काही नाही, हे त्याचं मत आहे. 'इट विल रेन.' दुपारी पश्चिमेकडून काळे ढग चढून आले, वारा पडला, उकाडा वाढला. आता पुरावा डोळ्यांसमोर आहे. 'इट्स गोइंग टू रेन.' मग अचानक गार झुळूक येते, मातीचा वास येतो, गाय दावणीला हंबरते, आणि पुढच्या क्षणाला थेंब पडणार. 'इट्स अबाउट टू रेन.' त्याच घडीला आपल्याकडे 'आला आला!' म्हणतात. त्या 'आला'ला इंग्रजीत सगळ्यात जवळचं जर काही असेल तर ते 'अबाउट टू' आहे.

'अबाउट टू'ला मराठीत आणखी एक छान जोड आहे : 'च्या बेतात'. 'मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात फोन आला.' 'आय वॉज अबाउट टू लीव्ह व्हेन द फोन रँग.' पण त्याचे दोन नियम पाळा. एक, त्याला वेळ जोडू नका. 'आय ॲम अबाउट टू लीव्ह टुमारो' चूक, कारण 'अबाउट टू'तच 'आत्ता लगेच' आहे. दुसरा नियम फारसा कुणी सांगत नाही. 'नॉट अबाउट टू' हा सरळ नकार नाही. 'आय ॲम नॉट अबाउट टू अपॉलोजाइज' म्हणजे 'मी मुळीच माफी मागणार नाही', असा हट्टाचा सूर. तुम्हाला नुसतं 'मी इतक्यात निघत नाहीये' म्हणायचं असेल तर 'आय ॲम नॉट लीव्हिंग जस्ट येट' म्हणा.

पक्कं ठरलेल्या गोष्टीला 'विल' लावायची सवयही सोडा. बहिणीचं लग्न जमलं, तारीख निघाली, मंगल कार्यालय बुक झालं, तर 'माय सिस्टर इज गेटिंग मॅरीड इन मे.' गाडीचं, परीक्षेचं वेळापत्रक असेल तर साधा वर्तमानकाळ : 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स.' आणि 'विल' कशाला? बोलता बोलता घेतलेल्या निर्णयाला, वचनाला. टेबलावर फोन वाजला, तुम्ही म्हणालात, 'मी घेतो' : 'आय विल गेट इट.'

'ॲट द अर्लिएस्ट'

अर्जात आपण 'लवकरात लवकर' लिहितो. इंग्रजी अर्जात त्याचं 'प्लीज डू इट ॲट द अर्लिएस्ट' होतं. भारतातल्या प्रत्येक कार्यालयात हे चालतं, आणि इथल्या इथं पत्रव्यवहार असेल तर मी कुणाला अडवत नाही. पण बाहेरच्या इंग्रजीत 'ॲट द अर्लिएस्ट'चा अर्थ जवळजवळ उलटा आहे. 'थर्सडे ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे लवकरात लवकर धरलं तरी गुरुवार, त्याआधी शक्य नाही. तो उशिराचा इशारा आहे. विनंतीसाठी 'ॲज सून ॲज पॉसिबल' वापरा, आणि सौम्य हवं असेल तर 'ॲट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनिअन्स'. पण खरंच घाई असेल तर हे दुसरं लिहू नका, कारण त्यात 'तुमच्या सवडीनं' आहे आणि समोरचा ती सवड घेतो.

छोटे सापळे

'शॉर्टली' हा शब्द आपण रेल्वे स्टेशनवर ऐकून शिकलो. मराठीत 'थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर येत आहे' अशी घोषणा होते, इंग्रजीत 'शॉर्टली'. अर्थ तोच, 'थोड्याच वेळात'. पण रोजच्या बोलण्यात आपण 'शॉर्टमध्ये सांग' म्हणतो, म्हणून मुलाखतीत 'आय विल एक्सप्लेन शॉर्टली' म्हणून लोक लगेच बोलायला लागतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा नंतर समजावणार होता. थोडक्यात सांगायचं तर 'ब्रीफली'.

'जस्ट नाऊ' पुढं होणाऱ्या गोष्टीला लावू नका. 'आय विल सेंड इट जस्ट नाऊ' नको, 'राइट अवे' हवं. 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता काही क्षणांपूर्वी, किंवा या घडीला. दक्षिण आफ्रिकेत मात्र लोक 'जस्ट नाऊ' म्हणजे 'थोड्या वेळानं, बघू' अशा अर्थानं म्हणतात, तिथल्या गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. अमेरिकेत 'मोमेंटरिली' म्हणजे 'क्षणभरात', ब्रिटनमध्ये 'क्षणभरासाठी'. 'प्रेझेंटली'चंही तसंच : कुठं 'सध्या', कुठं 'थोड्या वेळात'. मी हे दोन्ही शब्द वापरायला शिकवत नाही, फक्त ऐकून ओळखायला शिकवते.

या शब्दांचा इतिहास मला मोठा जिवंत वाटतो. जुन्या इंग्रजीत 'सून'चा अर्थ 'ताबडतोब' होता. 'प्रेझेंटली'चाही एकेकाळी तोच होता. लोक 'ताबडतोब' म्हणत राहिले, उशीर करत राहिले, आणि शब्द घासून 'थोड्या वेळानं' होऊन बसले. आपल्या 'आत्ता येतो'चं काय झालंय ते प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणूनच इंग्रजीत नुसतं 'सून' फार पातळ पडतं. शक्य तिथं त्याच्याऐवजी वेळ सांगा.

'दिवाळी तोंडावर आली' याला 'दिवाळी इज जस्ट अराउंड द कॉर्नर' अगदी चपखल आहे. सण, परीक्षा, निवडणूक, पावसाळा अशा दिवसांनी मोजायच्या गोष्टींना ते वापरा. 'द बस इज अराउंड द कॉर्नर' म्हटलं तर ऐकणारा खरोखर वळणाकडे बघेल.

'एनी टाइम सून' बहुतेक नकारात किंवा प्रश्नात येतं : 'द रोड वोन्ट बी फिनिश्ड एनी टाइम सून', रस्ता इतक्यात काही होत नाही. 'सूनर ऑर लेटर' म्हणजे 'आज ना उद्या', त्यात 'सून' दिसलं तरी घाई नाही. 'ऑन द व्हर्ज ऑफ' मोठ्या, बहुधा वाईट गोष्टींना लागतं : रडण्याच्या बेतात, बंद पडण्याच्या बेतात. जेवायला बसताना ते म्हणू नका. 'इमिनंट' म्हणजे येऊन ठेपलेलं, बहुतेकदा संकट. 'एमिनंट' म्हणजे नामवंत. स्पेलिंग तपासा, नाहीतर नामवंत पाहुण्यांचं संकट होतं.

आणि 'ड्यू'. आपल्याला तो वीजबिलामुळे माहीत आहे, थकबाकी म्हणून. पण 'द बस इज ड्यू ॲट सिक्स' म्हणजे बस सहाला यायची आहे, आणि 'शी इज ड्यू इन मार्च' म्हणजे तिला मार्चमध्ये दिवस भरतात. नर्सिंगला गेलेल्या मुलींना हा शब्द पहिल्याच आठवड्यात लागतो.

'पोचलो की फोन करतो'

परत तोच आपला लाडका भूतकाळ. 'पोचलो की फोन करतो'चं 'व्हेन आय रीच्ड आय विल कॉल' होतं, नाहीतर घाबरून 'ॲज सून ॲज आय विल रीच'. दोन्ही चूक. 'ॲज सून ॲज', 'व्हेन', 'बिफोर', 'अंटिल' यांच्यामागे भविष्यातली गोष्टही साध्या वर्तमानकाळात येते : 'आय विल कॉल यू ॲज सून ॲज आय गेट देअर.' 'रीच'च्या मागे ठिकाण लागतं, 'रीच होम', 'रीच नांदेड'. नुसतं 'आय रीच' अधांतरी राहतं, म्हणून 'गेट देअर' सोपं. 'रीच टू' कधीच नाही.

चूक झालीच तर

आपण चुकीचं बोललो हे लक्षात येतं तेव्हा बहुतेक मुलं गप्प होतात, त्या जिंतूरच्या मुलीसारखी. गप्प होणं हे चुकीपेक्षा जास्त नुकसान करतं. तीन-चार वाक्यं तोंडात तयार ठेवा. अर्थ चुकला असेल तर 'सॉरी, व्हॉट आय मेंट वॉज' म्हणून नीट वाक्य सांगा. लिहिण्यात चुकलं असेल तर लगेच दुसरा मेसेज टाका : 'टू बी क्लिअर, द मटेरियल विल अराइव्ह बाय थर्सडे इव्हनिंग.' सांगितलेली वेळ टळणार असेल तर टळायच्या आधी कळवा : 'आय सेड टेन मिनिट्स. इट विल बी मोर लाइक थर्टी.' आणि समोरच्यानं 'सून' म्हटलं आणि तुम्हाला कळलं नाही, तर विचारायला लाजू नका : 'रफली व्हेन?' हा उद्धटपणा नाही. कामाच्या जगात लोक याची अपेक्षाच करतात.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत उभं केलं आणि आतून हाक मारली. ती दारात आली. पुन्हा पाठवलं, पुन्हा हाक मारली. पाणी आणायला पाठवलं, पेन आणायला पाठवलं, झेरॉक्स आणायला पाठवलं. प्रत्येक वेळी जाताना तिनं मागं वळून म्हणायचं होतं, 'आय विल बी राइट बॅक.' दहाव्या-बाराव्या खेपेला ती न थांबता, न अडखळता म्हणाली आणि जिना उतरून गेली.